बंदूक धरलेली बाई की दार अडवलेल्या बाया?

१७ सप्टेंबरला आमच्याकडं मराठवाड्यात मुक्तिदिनाचा झेंडा झाला की निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकाराच्या गोष्टी निघतातच, मग बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके बंदूक घेऊन कशा लढल्या हे कुणीतरी सांगतंय अन् पोरं टाळ्या वाजवतात. भारीच बाई, वादच नाही.

पण मला आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या बाया जास्त पटतात. २००३ ला त्यांच्या देशातलं यादवी युद्ध थांबवायला शेजारच्या घानात बोलणी चालू, पुढारी नुसता टाइमपास करायलेत, तर त्यांची म्होरकी लेमा ग्बोवी अन् पांढऱ्या कपड्यातल्या बाया हॉलच्या दारातच हातात हात अडकवून बसल्या, करार करा मगच बाहेर! ऑगस्टात करार झाला पण.

बंदुकीनं त्या वेळेपुरता जीव वाचतो (ते बी लागतंच म्हणा), मिटवायला बसायचं म्हणलं की आमच्या गावात सतरंजीवर सगळे बाप्येच, बाया चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत.