कुरकुरणारी माडी दुरुस्त करायला दिली आणि घरचं सागवान गेलं

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची माडी सागवानी फळ्यांची, खाली मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या, तुळया. चालताना कुरकुरायची, एवढीच तक्रार. स्वयंपाकघराचं काम निघालंच होतं, म्हणून मेस्त्रीला माडी दाखवली. त्याने भिंतीकडची एक फळी उचकटून वाळवी दाखवली आणि "सगळीच बदला, नाहीतर खाली येईल" म्हणून घाबरवलं. भिंतीच्या ओलीने एक फळी खाल्ली म्हणजे 300 चौरस फूट गेलं का? प्रत्येक फळीत स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत घुसला तरच ती फळी बदला.

बिल असं: सागवान 38 घनफूट, 3,400 दराने 1,29,200. मजुरी 42,000. पॉलिश 14,500. जुन्या फळ्या "भंगार" म्हणून 6,000 वजा. एकूण 1,79,700 रुपये. 90,000 यूपीआयने दिले, बाकीचे रोख, पावती नाही. 300 चौरस फुटाला एक इंच जाडीचं लाकूड 25 घनफूट लागतं. नासाडी धरली तरी 38 कुठून आलं?

आणि तो दिवस! जुनी एकेक फळी उतरवायला दोघं लागत होते. नव्या तीन-तीन फळ्या एकच पोरगा खांद्यावर घेऊन जिना चढला. कापताना भुसा पांढुरका, सागाचा तेलकट वास नावाला नाही. मी तिथल्या तिथे विचारलं. "माल वाळवलेला आहे ओ वहिनी, म्हणून हलका." सासूबाई दवाखान्यात, घर उघडं पडलेलं, मी काय लाकडाची वखार चालवते? साध्या माणसाने कुणावर तरी विश्वास टाकायचा की नाही?

पावसाळ्यात फळ्या कडेने उचलल्या, आता कुरकुर दुप्पट. खानापूरच्या एका म्हाताऱ्या सुताराने बघून सांगितलं की हा साग नाहीच, कुठलं तरी हलकं लाकूड रंगवलंय. जुन्या माडीला खिळे सैल झाले होते. फळी खिळ्यावर घासली की आवाज येतो. खिळ्यांऐवजी तुळईत स्क्रू, फटीत पाचर, काम संपलं असतं.

पोलीस ठाण्यात "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जावा" म्हणाले. आमच्या मालकीचं लाकूड उचलून नेलं, खोटा माल दिला, तरी सिव्हिल? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला 316 आणि फसवणुकीला 318 कलम आहे, ते काय भिंतीवर टांगायला? मग अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. आणला, तर साहेब बंदोबस्ताला. वनखात्यात गेलो तर "तुमचा साग होता याचा पुरावा काय?" आजोबांनी घातलेल्या माडीची पावती कोण जपून ठेवतो? सगळ्यांनी मिळून आम्हालाच आरोपी केलं. मेस्त्री मात्र रोज समोरून गाडी उडवत जातो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तोपर्यंत एक नवी फळी काढून ठेवलीय, तीच पुरावा. रोख देऊ नका. बिलावर लाकडाची जात लिहून घ्या.

तो मेस्त्री आता आसपासच्या जुन्या घरांत "रंधा मारून आणतो" म्हणून फळ्या बाहेर नेतोय असं कळलंय. तुमच्या दारात असा टेम्पो लागला तर आधी प्रत्येक फळीचा फोटो काढा, लांबी-रुंदी लिहून त्याची सही घ्या, आणि रंधा अंगणातच मारायला लावा.