निळी डबी खरी, आतला माल खोटा

सेकंडहँड गिटार पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मधे जोडून आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सोलापूर, लातूर, धाराशिव, विजापूर या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी बरीच पोरं आहेत. जुनी जपानी पेडलं आपल्याकडे दुकानात मिळत नाहीत. ती ग्रुपवर नाहीतर ओळखीतून हातोहात फिरतात. याचाच फायदा घेऊन एका माणसाने मला जुना बॉस सीई-२ कोरस म्हणून भलतंच काहीतरी १९,००० रुपयांना विकलं. त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण त्याने मला सांगितलेली माहिती जवळजवळ सगळी खरी होती. खोटी होती ती फक्त हातात दिलेली वस्तू.

आधी कोरसच का, ते सांगतो. आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार एकच. ऐंशी-नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी वाजवताना क्लीन आवाजात एकेक तार छेडत जायचं असतं, आणि साधी गिटार तिथे फार कोरडी लागते. फेजर घेऊन पाहिला होता. तो आवाजात एक गोल घुमाव आणतो, पण गाणाऱ्याच्या मागे जागा भरून काढत नाही. युनी-व्हाइबच्या पद्धतीचं पेडल एका मित्राकडे आहे. संथ, जड गाण्यांत ते अप्रतिम लागतं, लग्नाच्या कार्यक्रमात मात्र त्याचा उपयोग मोजकाच. कोरसमध्ये मूळ आवाजाबरोबर त्याचीच एक प्रत काही मिलिसेकंद उशिरा येते, आणि हा उशीर सतत किंचित कमी-जास्त होत राहतो. त्यामुळे प्रतीचा सूर हलका डोलतो आणि एकाच्या जागी दोन गिटारी एकत्र वाजल्यासारख्या वाटतात.

यातला जुना, मऊ आवाज म्हटला की नाव निघतं सीई-२ चं. रोलँडने १९७५ मध्ये जॅझ कोरस जेसी-१२० हा अँप काढला, त्यातलं कोरसचं सर्किट १९७६ मध्ये सीई-१ या मोठ्या पेडलमध्ये आलं, आणि १९७९ मध्ये रोलँडच्याच बॉस या ब्रँडने लहान निळ्या डबीत सीई-२ आणला. रेट (आवाज किती वेगाने डोलतो) आणि डेप्थ (किती डोलतो) असे दोनच नॉब, एक इनपुट, एक आउटपुट. आत एमएन३००७ नावाची चिप. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची साखळी करून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसा या चिपमध्ये आवाज १,०२४ टप्प्यांतून पुढे सरकतो आणि तेवढ्यानेच त्याला उशीर होतो. शेजारची एमएन३१०१ ही चिप त्या सरकण्याचा वेग ठरवते.

आता तो माणूस. सेकंडहँड वाद्यांच्या एका ग्रुपवर त्याने फोटो टाकले होते. निळी डबी, कडेला रंग उडालेला, खालचं लेबल काळं, त्यावर मेड इन जपान. तळ उघडून काढलेला आतल्या बोर्डाचाही फोटो होता आणि त्यावर एमएन३००७ ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. मी फोन केला तर माणूस अत्यंत जाणकार निघाला. म्हणाला, "दादा, हे जुनं आहे, याला आजचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर चालवू नका. याला एसीए लागतो, बारा व्होल्टचा. नऊवर लाइट मंद लागेल, घाबरू नका." ही माहिती शंभर टक्के बरोबर आहे. त्या काळातली बॉसची बरीच पेडलं एसीए नावाच्या जुन्या अडॅप्टरसाठी बनलेली आहेत, आणि आजच्या रेग्युलेटेड नऊ व्होल्टवर एकटी लावली तर त्यांचा लाइट मंदच लागतो. एवढं ज्याला ठाऊक आहे तो माणूस पेडलवाला आहे, असंच कुणालाही वाटेल.

हैदराबादहून पुण्याला जाताना सोलापुरात थांबतो म्हणाला. हायवेवरच्या एका हॉटेलात भेट ठरली. नव्या पेठेत किंवा आमच्या रिहर्सलच्या हॉलवर या, तिथे माझा अँप आहे, असं मी सुचवलं होतं. त्याला उशीर होत होता. स्वतःचा बॅटरीवरचा हातभर अँप त्याने टेबलावर ठेवला, पेडलमध्येही बॅटरी होती. बाहेर ट्रकांची ये-जा चालू. त्याने रेट बराच वर ठेवला आणि भराभर कॉर्ड मारून दाखवल्या. आवाज डोलत होता, कोरस आहे हे कळत होतं. त्या गोंगाटात याहून जास्त काही कळण्यासारखं नव्हतं आणि बहुधा ती जागा त्याने त्यासाठीच निवडली होती. मी तळ उघडून बघू या म्हणालो. चारही स्क्रूंवर लाल रंगाचा एकेक ठिपका होता. तो म्हणाला, "सील आहे दादा, ओरिजिनल. तोडलंत तर उद्या तुम्हालाच विकताना निम्मे पैसे येतील." मग बोर्डाचा फोटो कसा काढला, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं: फोटो आधीच्या मालकाने काढला, नंतर त्यानेच सील करून घेतलं. पैसे त्याने भावाच्या नंबरवर यूपीआयने घेतले.

रिहर्सलला पेडल लावलं तेव्हा पहिली खटकलेली गोष्ट लाइट. माझ्या पॉवर सप्लायचे आउटपुट एकमेकांपासून वेगळे आहेत. नऊ व्होल्टच्या आउटपुटवर हे पेडल एकटं लावलं आणि लाल दिवा झगझगीत पेटला. त्याच माणसाने फोनवर दिलेली माहिती त्याच्याच पेडलला लागू पडत नव्हती. लेबलवर एसीए, आणि वागणूक आजच्या पेडलची.

दुसरी गोष्ट आमच्या कीबोर्डवाल्याच्या कानाने पकडली. मी तारा एकेक छेडत होतो आणि तो म्हणाला, "दोनदा वाजतंय की रे." खरंच तसं होतं. डेप्थ पूर्ण शून्यावर आणली, हात तारांवर दाबून धरला आणि पिकने एकच कोरडा ठोका दिला. कानावर टक असं यायला हवं होतं, तिथे टटक असं येत होतं. चांगल्या कोरसमध्ये प्रत मूळ आवाजाला इतकी चिकटून येते की वेगळी ऐकूच येत नाही. इथे ती मागे राहिली होती.

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. रेडिओ, टीव्ही, अँप, मिक्सर असं सगळं दुरुस्त करतात. त्यांच्या टेबलावर पेडल ठेवलं. लाल ठिपका नखाने खरवडला तर तो नेलपॉलिशसारखा सोलून आला. स्क्रू काढले, तळ उचलला. डबी खरोखर जुनी होती, आतल्या बाजूचा रंगही जुना. पण बोर्ड नवा कोरा हिरवागार, डबीच्या मापाचा नव्हताच, गरम गोंदाने चार ठिकाणी चिकटवलेला. मधोमध एक चिप, तिच्या पाठीवरची अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढलेली. अण्णांनी चष्मा वर केला, चिमट्याच्या टोकाने पाय मोजले. म्हणाले, "मालक, ह्याला सोळा पाय हायत. तुमची ती चिप आठ पायाची म्हणताय न्हवं?"

एमएन३००७ ला आठच पाय असतात, एमएन३१०१ ला आठच. घासलेल्या चिपच्या शेजारी पाच व्होल्टचा छोटा तीन पायांचा रेग्युलेटर होता. अण्णांनी मीटर लावला, चिपला पाच व्होल्ट मिळत होते. सोळा पाय, पाच व्होल्ट आणि आजूबाजूची जोडणी यावरून त्यांनी सांगितलं की ही पीटी२३९९ ही डिजिटल एकोची चिप आहे. कराओकेच्या आणि स्वस्त मिक्सरच्या एकोत ती त्यांच्या हाताखालून रोज जाते. मी तिची डेटाशीट काढून पाय ताडून पाहिले, जुळले. ही चिप वाईट नाही, एकोसाठी उत्तम आहे, चांगली डिले पेडलंही तिच्यावर बनतात. पण तिचा कमीत कमी उशीरच साधारण ३० मिलिसेकंदांचा आहे. कोरसला त्याहून बराच कमी लागतो. म्हणून तो दुहेरी ठोका. डिजिटल कोरसलाही माझा विरोध नाही. बाजारात चांगले डिजिटल कोरस आहेत आणि त्यांची किंमत रास्त आहे. हे बोर्ड दोन-तीनशे रुपयांच्या सामानाचं होतं आणि ते सीई-२ च्या पोटात घालून सीई-२ च्या भावाने विकलं गेलं.

मला सर्वांत जास्त राग याचा आहे. कुणीतरी एक खरा सीई-२ त्यासाठी मोडला. बोर्ड काढून बहुधा वेगळं विकलं, कारण जुन्या एमएन३००७ ला आज स्वतंत्र भाव आहे आणि तिच्या नावाखाली खोट्या चिपाही विकल्या जातात. उरलेल्या डबीतून पुन्हा पैसे केले. चाळीस वर्षं टिकलेलं एक वाद्य यात संपलं.

पुढच्या वेळी कुणाकडूनही जुनं पेडल घेताना तळ उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. बॉसच्या लहान पेडलमध्ये बॅटरी वरच्या पायपट्टीखाली असते आणि बोर्ड तळाच्या चार स्क्रूंमागे. ते स्क्रू काढणं ही देखभालीतली साधी बाब आहे, त्याने किंमत उतरत नाही. सीलचं कारण पुढे आलं की व्यवहार तिथेच थांबवा. स्क्रूड्रायव्हर स्वतःचा न्या. तुमचा अँप जिथे आहे तिथेच भेटा, नाहीतर आपल्या गावातल्या एखाद्या गिटारवाल्याच्या घरी. वाजवताना कॉर्ड मारू नका, डेप्थ शून्यावर ठेवून तुटक ठोके द्या. एसीए लिहिलेलं पेडल नऊ व्होल्टच्या वेगळ्या आउटपुटवर एकटं लावून बघा. तिथे दिवा मंद आणि बॅटरीवर नीट लागला तर ते चांगलं लक्षण आहे. एकाच अडॅप्टरवर साखळीने इतर पेडलांबरोबर लावलं तर जुनंसुद्धा नीट पेटतं, त्यामुळे त्या चाचणीवर जाऊ नका.

कोरस नको, दुसरं काही घ्यायचं असेल तरी आत बघण्यासारखं असतंच. फोटोसेलवालं (उजेड ओळखणारे भाग असलेलं) अस्सल युनी-व्हाइब म्हणून कुणी विकत असेल तर उघडल्यावर मधोमध एक छोटा बल्ब आणि त्याच्याभोवती चार फोटोसेल दिसायला हवेत. बल्बवर पत्र्याची टोपी असली तर ती उचलून बघा, स्पीड फिरवली की तो बल्ब त्या लयीत मंद-तेज होतो. बल्बच नसेल तर तो साधा फेजर आहे, मग किंमतही फेजरची द्या. एमएक्सआर कंपनीचा फेज ९० हा फेजर १९७४ चा. सत्तरच्या दशकातला स्क्रिप्ट लोगोवाला (वळणदार अक्षरांत नाव असलेला) पीस म्हणून जो समोर येईल, त्यावर एलईडी किंवा अडॅप्टरचं भोक असेल तर तो एकतर नंतरचा आहे किंवा कुणीतरी बदल केलेला. आतल्या नॉबच्या पॉटवर (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर) १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन अंक वर्षाचे, त्यानंतरचे दोन आठवड्याचे. १३७७६२० म्हणजे १९७६ चा विसावा आठवडा. पॉट बदललेला असू शकतो, तरी विक्रेता सांगतो ते वर्ष आणि हा आकडा यांचा मेळ बसतोय का ते पाहा.

माझ्या पैशांचं सांगतो. अण्णांकडून निघालो तोवर त्याचा फोन बंद झाला होता आणि ग्रुपवरचं खातं दिसेनासं झालं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, उघडलेल्या पेडलचे फोटो जोडले. भावाच्या म्हणून दिलेल्या खात्यातून रक्कम तोवर निघून गेली होती. पैसे परत आलेले नाहीत. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून शंका येताच फोन करा, खात्री होण्याची वाट बघत बसू नका. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, लेखी तक्रारीत ते लिहा. विकणारा नियमित दुकानदार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ चाही मार्ग आहे.

हे सगळं आमच्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकल्यावर लातूरच्या एका मुलाने मला त्याला आलेले फोटो पाठवले. तोच बोर्ड, तीच एमएन३००७, बोर्डाच्या कोपऱ्यात तोच करपलेला डाग, आणि डबी मात्र वेगळी, डेप्थच्या नॉबजवळ खोल ओरखडा असलेली. म्हणजे बोर्डाचा फोटो एकच आहे आणि डब्या बदलतायत. त्या मुलाने माझ्या सांगण्यावरून विक्रेत्याकडे नवा फोटो मागितला: उघडलेल्या पेडलशेजारी आजचं वर्तमानपत्र आणि चिपवर ठेवलेला गिटारचा पिक. फोटो आला नाही, मुलगा ब्लॉक झाला. कोपऱ्यात करपलेला डाग असलेला हा फोटो तुमच्याकडे आला तर विकणाऱ्याचा नंबर आणि खात्याचं नाव जपून ठेवा आणि तुमच्या गावच्या सायबर पोलिसांकडे द्या. माझ्या तक्रारीला ते जोडता येईल.