गुलाब कुठे लावायचा ते घरी येऊन सांगतात: ४ स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ह्या नर्सरीच्या रोपांचा कमी आणि घरी येऊन जागा ठरवून देण्याच्या सर्व्हिसचा जास्त आहे. रोपं काय पुण्यात कुठेही मिळतात, सिंहगड रोडला निघालं की नर्सऱ्याच नर्सऱ्या, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनाला गेलं की कोणी हात हलवत परत येतच नाही. खरा प्रश्न रोप घरी आल्यावर, आता हे ठेवायचं कुठे. बहुतेक नर्सरीवाले म्हणतात ऊन लागतं ताई, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

ह्यांचे व्हिजिटचे ५०० रुपये आहेत, रोपं घेतली तर बिलातून वजा. आमचं रो हाउस आहे, चारी बाजूंनी थोडी थोडी जागा आणि एकही बाजू धड मोठी नाही. नर्सरीचे काका स्वतः आले, चहासुद्धा नंतर म्हणाले, आधी मोबाइलवर कंपास लावून घराभोवती एक फेरी मारली. मी उत्साहाने मागची, उत्तरेची बाजू दाखवत होते कारण मे महिन्यात तिथे मस्त ऊन असतं. तर म्हणाले, "ताई, मे महिन्यातलं सांगू नका, डिसेंबरात इथं काय असतं ते सांगा."

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे गुलाबाचा खरा बहर थंडीत. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी बारा-साडेबारालासुद्धा तो साधारण ४८ अंशांपेक्षा वर चढत नाही, म्हणजे दुमजली घराची सावली उत्तरेला जवळजवळ घराच्या उंचीएवढी लांब पडते. आमची मागची जागा सगळी मिळून दहा फूट, म्हणजे बहराच्या दिवसांत तिथे दुपारचं ऊनच नाही. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच असतो, म्हणून तीच जागा मे महिन्यात लख्ख दिसते आणि आपण फसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाग करायला घेणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा.

दुसरी जागा पश्चिमेची कंपाउंड वॉल. त्यावर वेलगुलाब चढवायचा हे माझं जुनं स्वप्न, त्यालाही नाही म्हणाले. सिमेंटची भिंत एप्रिल-मे मध्ये दुपारी तापते ती रात्री आठपर्यंत गरमच असते, त्या कोरड्या झळीत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड होते, पानं तांबूस होऊन गळतात आणि मग आपण औषधं मारत बसतो. पूर्वेची भिंत घ्या म्हणाले. सकाळपासून दुपारपर्यंत पाच-सहा तास ऊन मिळतं, तेवढं गुलाबाला पुरतं, शिवाय पानांवरचं दव आणि पावसाचं पाणी लवकर वाळतं. पावसाळ्यात पानांवर जे काळे ठिपके पडतात ना, ते पान तासन्‌तास ओलं राहिलं की वाढतात, त्यामुळे सकाळचं ऊन आणि वारा हेच अर्धं औषध. तिथला एसीचा आउटडोअर युनिट मात्र गरम हवा नेमकी रोपावर फेकणार होता, म्हणून जागा चार फूट पुढे सरकवली. शेजाऱ्यांच्या आंब्याच्या बाजूचा कोपराही सोडून दिला, आंब्याची मुळं गुलाबाला काही शिल्लक ठेवत नाहीत.

सासूबाईंना पूजेसाठी गावठी गुलाबी गुलाब गेटजवळच हवा होता. काका हसले आणि म्हणाले, मावशी, मग ती फुलं तुमच्या देवाला नाही, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या देवाला. पुण्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको, पहाटे हातात आकडा लावलेली काठी आणि प्लॅस्टिकची पिशवी. तो आता स्वयंपाकघराच्या दारापाशी आहे, आणि गेटजवळ असता तर स्कूटी काढताना रोज ओढण्या फाटल्या असत्या ते वेगळंच.

माती बघायला त्यांनी पहारीने उकरून पाहिलं तर निघाला बिल्डरचा सगळा राडारोडा. विटांचे तुकडे, सिमेंट, चुना. रो हाउसवाल्यांनो, भिंतीला लागून सगळीकडे हेच असतं. अशा जागी गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, माती चुन्याची असली की लोह असूनही झाडाला घेता येत नाही, मग कितीही खत घाला. भिंतीपासून दीड फूट सोडून दोन बाय दोनचा आणि दोन फूट खोल खड्डा घ्यायला लावला, पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी जिरलंय का ते फोटो पाठवून कळवायला सांगितलं. पाणी तसंच साठून राहिलं असतं तर तिथे लावूच नका म्हणाले होते, उलट वाफा उंच करा. मग लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. कलमाची गाठ, म्हणजे खालचा खुंट आणि वरचा गुलाब जिथे जोडलेत ती जागा, मातीच्या वर ठेवली. गाठीखालून फुटणारा धुमारा म्हणजे खालच्या जंगली खुंटाचा, तो दिसला की मुळापासून काढायचा हेही दाखवून गेले.

आता वेलाचं. गुलाब काही जाई-जुईसारखा स्वतःहून वेढे घेत चढत नाही, त्याला बांधून घ्यावं लागतं. मी ऑनलाइन एक लोखंडी कमान मागवली होती, नाव घेत नाही, पोकळ पातळ नळ्या आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यातच लंबगोल झाली. ह्यांच्या माणसाने भिंतीत हूक मारून दीड-दीड फुटावर आडव्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारा ओढून दिल्या, भिंत आणि तार यात चार बोटं अंतर ठेवून म्हणजे मागून हवा खेळते आणि हात घालून सुकलेलं काढता येतं. ह्याचे २,८०० घेतले, जरा जास्त वाटले पण काम पक्कं आहे.

सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच की फांद्या कशा वळवायच्या. फांदी सरळ उभी वाढू दिली की सगळा जोर शेंड्याला, फुलं गच्चीवरच्यांना दिसणार आणि खाली नुसते काटे. तीच फांदी तिरकी किंवा आडवी करून तारेला बांधली की शेंड्याची दादागिरी संपते आणि प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे फांदीवरच्या कोंबातून, फूट येते, प्रत्येक फुटीला फूल. फांदी कोवळी लवचीक असतानाच वळवायची, जून झाली की मोडते. बांधायला बाइंडिंग वायर अजिबात नाही, ती खोडात रुतते. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या. आणि वेलगुलाबाची पहिली एक-दोन वर्षं जोरात छाटणी करायची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला झुडपी गुलाबांची छाटणी करतो तशी ह्याची करायची नाही, मुख्य फांद्या तशाच ठेवून फक्त बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या.

आता एक स्टार कापला त्याचं. क्लाइंबिंग आइसबर्ग (पांढऱ्या फुलांचा वेलगुलाब) म्हणून दिलेल्या दोनपैकी एक रोप साधं झुडपी आइसबर्ग निघालं. फूल पांढरं तेच, पण लांब फांदी काही सुटेना, नुसतं कमरेएवढं गुबगुबीत झालं. बदलून दिलं, पैसे न घेता, पण त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून पाठवून मी कंटाळले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे लोक फोन उचलतच नाहीत. दुसरं म्हणजे काका स्वतः औषधांचा आग्रह करत नाहीत पण दुकानातला मुलगा दर महिन्याच्या फवारणीचं पॅकेज गळ्यात मारायला बघतो, स्पष्ट नाही म्हणायचं. चुकून आलेलं ते झुडूप मी परत केलं नाही, त्यांनीही मागितलं नाही, ते कुंडीत मजेत आहे.

एवढं मात्र खरं की फ्लॅटची बाल्कनी असेल तर ५०० घालवू नका, तिथे जागा एकच असते, थंडीत किती तास ऊन येतं ते एका रविवारी स्वतः बसून बघा आणि पाच तासांपेक्षा कमी येत असेल तर गुलाबाऐवजी दुसरं काही घ्या. बंगला, रो हाउस, गावाकडचं घर असेल तर जरूर बोलवा. गणपती झाले की लगेच बुकिंग करा, दिवाळीच्या तोंडावर तारीख मिळत नाही. पार्किंग नाही, टू-व्हीलरवर जा, रोपं ते घरपोच पाठवतात, त्याचे वेगळे १५० घेतात.