पन्नासात एकदा अडकते: काडतूस बदलावं, मॅगझिन बदलावं की रायफल उघडावी?

दर गोळीला अडकणारी सेमी-ऑटोमॅटिक (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल परवडली. छळते ती पन्नासात एकदा अडकणारी. अमेरिकेतल्या कुठल्याही रेंजवर अशा वेळी शेजारच्या लेनमधून सल्ले येतात: तेल घाल, स्प्रिंग बदल, ती स्वस्तातली काडतुसं टाकून दे. सगळेच खरे ठरू शकतात, म्हणून तर पंचाईत. इथे मी मुख्यतः .२२ लाँग रायफल या लहान काडतुसाच्या रायफलीबद्दल बोलतो, कारण पहिली रायफल म्हणून अनेक जण तीच घेतात.

१९६४ पासून बनत असलेली रुगर १०/२२ हा या जातीचा ओळखीचा नमुना. तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, कुठल्याही खाचेत घट्ट बसलेला नसतो; त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढाच त्याला आधार. बार झाला की पुंगळीच (काडतुसाचं धातूचं कवच) बोल्टला मागे रेटते, एक्स्ट्रॅक्टरची आकडी ती धरून ठेवते, इजेक्टरवर आपटून ती बाहेर उडते आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधलं (काडतुसं भरायच्या डबीतलं) पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, ढकलतो. काडतूस लहान, जोर बेताचा. त्यामुळे थोडीशी काजळीसुद्धा हिशेब बिघडवते.

अडकली की लगेच बोल्ट खेचून मोकळी करायची घाई नको. नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, मॅगझिन बाहेर, आणि मग नीट बघायचं. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं, तर नळी तशीच धरून ३० सेकंद थांबा; बार उशिरा होऊ शकतो. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, तर गोळी नळीतच राहिलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळी आरपार दिसेपर्यंत पुढचा बार नाही.

आता निवड. काडतूस बदलणं सगळ्यात सोपं: ५०ची वेगळी डबी घ्यायची, हत्यारं लागत नाहीत. ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ची ४० ग्रेन (साधारण २.६ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला साधारण १०७० फुटांनी जाते, ‘हाय व्हेलॉसिटी’ची १२००च्या पुढे. पहिल्या प्रकारात काही रायफलींचा बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारातच धुराड्यासारखी उभी राहते. जोरदार काडतूस घातलं की त्रास संपतो. पण इथेच फसगत आहे. जोरदार काडतूस मळलेल्या बोल्टलाही मागे ढकलतं, म्हणजे दोष तसाच राहून नुसता झाकला जातो. म्हणून माझा नियम असा: रायफल नवी असेल किंवा काडतुसं नुकतीच बदलली असतील, तर आधी काडतुसावर संशय घ्यावा. कालपर्यंत याच काडतुसावर सुरळीत चालत होती आणि आता अडखळते, तर आधी साफसफाई.

साफसफाईचा तोटा म्हणजे कंटाळा. .२२च्या गोळ्यांवर बहुधा मेण किंवा तसलं वंगण असतं. ते, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी चिकट थर जमतो. नुसत्या नळीतून फडकं फिरवून काही होत नाही. चेंबरला ब्रश हवा, बोल्टचं तोंड पुसायला हवं, आणि आकडीखालची घाण टूथपिकने कोरून काढायला हवी. पुंगळी चेंबरमध्येच मागे राहत असेल, तर हा उपाय काडतूस बदलण्यापेक्षा नक्कीच सरस. तेल मात्र हलक्या हाताने. ओथंबलेला बोल्ट पुढच्याच खेपेला जास्त मळतो. झाल्यावर हात साबणाने धुवा, ते शिसं आहे.

मॅगझिनची गोष्ट थोडक्यात. प्रत्येकावर मार्करने आकडा टाका. गोळीचं टोक चेंबरच्या खाली किंवा बाजूला टेकून अडकत असेल आणि दर वेळी ‘२’ नंबरच सापडत असेल, तर दोष त्या मॅगझिनचा; रायफल उघडायची गरजच नाही.

नुसता ‘टक्’ होऊन बार न होण्याचा प्रकार यांत मिसळू नका. या काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत असतो, त्यामुळे एखादा बार फुसका निघतोच. कडेवरचा ठसा खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. पुसट असेल तर बोल्ट पुरता मिटतोय का आणि फायरिंग पिनपाशी (काडतुसाच्या कडेवर आपटणाऱ्या खिळीपाशी) घाण आहे का, ते बघा.

यापुढचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. पन्नासात सरासरी एकदा अडकणारी रायफल काहीही न करता सलग ५० गोळ्या बिनतक्रार उडवण्याची शक्यता ३६ टक्के असते. म्हणजे एक डबी नीट गेली म्हणून उपाय लागू पडला, असं म्हणता येत नाही. १५० गोळ्यांपर्यंत गेलात तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन डब्या झाडा. काडतूस, मॅगझिन आणि स्प्रिंग एकदम बदलणाऱ्याला रायफल सुधारल्याचा आनंद मिळतो; बिघाडाचं कारण मात्र मिळत नाही.

एआर-१५ ही जास्त जोरदार काडतुसाची रायफल असेल तर गणित वेगळं, तिथे गॅस बोल्टला ढकलतो. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून बार करा. शेवटच्या काडतुसानंतर बोल्ट मागेच अडकून राहायला हवा; तसा राहिला नाही, तर मॅगझिन बदलून तेच करा. तरीही तसंच झालं, तर गॅस कमी पडतोय का, गॅस कीचे (बोल्टच्या वाहकावर बसवलेल्या, गॅस आत घेणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू सैल आहेत का, तिथून सुरुवात.

नवी आकडी किंवा स्प्रिंग विकत घेणं माझ्या यादीत शेवटी. मात्र पुंगळीची कड फुगलेली किंवा फाटलेली दिसली, किंवा बोल्ट पुरता मिटण्याआधीच बार झाला, तर प्रयोग तिथेच थांबवून रायफल गनस्मिथकडे न्या. नेताना त्या पुंगळ्या आणि त्याच काडतुसांची डबी दाखवायला ठेवा. रिकामी रायफल टेबलावर ठेवून ‘कधीकधी अडकते’ एवढंच सांगितलंत, तर तोही आधी काडतूस बदलूनच बघणार.