काटे की स्क्रीन? तास कशावर भरायचे

परवा पारोळ्याहून भाच्याचा फोन. "मामा, सीपीएलचे तास काट्यांच्या सेस्नावर भरू का जी-१००० वाल्या?" म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला लागणारे उड्डाणाचे तास जुन्या काट्यांच्या उपकरणांच्या विमानात भरायचे, की जी-१००० ही स्क्रीन बसवलेल्या. मी दोन्हींवर उडलोय, म्हणून सांगतो. स्क्रीनवालीचा तास महाग पडतो, ते तुलाही ठाऊक आहे.

काट्यांची एक गोष्ट मला अजून आवडते. वेगाचा काटा कुठे आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, आकडा वाचावा लागत नाही. स्क्रीनवर पट्टी सरकत राहते, नवखा तिच्यातच अडकतो आणि बाहेर बघायचं राहून जातं.

पण मला छळलं ते डीजीने, म्हणजे काट्यांच्या विमानातल्या दिशा दाखवणाऱ्या उपकरणाने. त्यातली फिरती चकती, जायरो, आपोआप भरकटते, म्हणून डीजी दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवायचा. तेवढ्या वेळात तीन अंश सरकला तर चालवून घेतात; आमच्या विमानातला म्हातारा डीजी दहाच्या खाली ऐकायचा नाही. बरं, जुळवायला होकायंत्र स्थिर हवं, आणि मे महिन्यातल्या दुपारी खान्देशावरची हवा अशी उसळते की ते क्षणभर थांबत नाही. कोणता आकडा खरा धरायचा?

जळगाव-धुळे सोलोला, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणात, पारोळा नाकासमोर यायला हवं होतं. ते राहिलं डाव्या हाताला, उजवीकडे अमळनेर, मी मधोमध! डीजी मात्र साळसूदपणे ठरवलेली २६५ अंशांची दिशा दाखवत होता. एक अंश चुकला की साठ मैलांत एक मैल, हे तोंडपाठ असून उपयोग काय? कंट्रोलर एखादं हेडिंग, म्हणजे नाक धरायची दिशा, देतो तेव्हा आपण त्यावरच आहोत असं धरून तो इतरांना वाट देतो.

स्क्रीनवालीत दिशा जुळवत राहायचं हे काम मॅग्नेटोमीटर हा चुंबकीय सेन्सर गुपचूप करतो. नखरे तिचेही आहेत: सेन्सर गेला की त्या जागी लाल फुली, मग स्टँडबाय काट्यांवरच भिस्त. म्हणून सुरुवातीचे तास काट्यांवर घेतलेस तर वाईट नाही. आयआरचे, म्हणजे बाहेर न दिसता उपकरणांवर उडायच्या परवानगीचे, मात्र, मला विचारशील तर, स्क्रीनवरच घे. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला 'गगन' या भारतीय उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेच्या आधाराने उतरलं. अ‍ॅप्रोच, म्हणजे उतरायच्या वाटा, आता जमिनीवरच्या व्हीओआर रेडिओ केंद्रांकडून उपग्रहांकडे चाललेत.

फक्त फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशीला जाशील तेव्हा विमानात बसून स्क्रीनमधल्या मार्ग-विमानतळांच्या डेटाबेसची तारीख बघ. तो दर २८ दिवसांनी बदलतो. आमच्याकडे तीन महिने जुनंच कार्ड होतं. रोज सकाळी स्क्रीन तसं सांगायची आणि आम्ही बटण दाबून पुढे जायचो.