घरच्या घरी गाडीचं पॉलिश: मुंबईत कोणती बाटली कामाची, कोणती नाही

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात ‘पॉलिश द्या’ म्हटलं की काउंटरवर तीन वेगळ्याच जातीच्या बाटल्या येतात. कंपाउंड रंगाचा वरचा थर घासून काढतं. पॉलिश तेच काम जास्त बारीक कणांनी करतं. वॅक्स आणि सीलंट काहीच काढत नाहीत, वरून थर देतात. दुकानात तिन्हींना पॉलिशच म्हणतात, आणि म्हणून दर महिन्याला चकाकीसाठी कंपाउंड घासणारे लोक प्रत्येक सोसायटीत सापडतात. कारखान्यातून आलेल्या रंगाची सगळ्या थरांसकट जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनच. ऊन अडवणारी द्रव्यं याच थरात असतात, त्यामुळे तो पातळ झाला की रंग आधी फिका पडतो आणि मग छपरावर, बोनेटवर पापुद्रे सुटतात.

मुंबईत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी निकाल असा: धुण्याच्या सामानावर सर्वांत जास्त खर्च करावा, पॉलिशचं मशीन आणि कंपाउंड वर्षा-दोन वर्षांत एकदा बाहेर काढावं, आणि संरक्षणासाठी लगेच लावता येईल आणि लगेच पुन्हा लावता येईल असा स्प्रे घ्यावा. ‘९ एच’ लिहिलेली काचेची छोटी बाटली, म्हणजे वाळून कडक थर धरणारं सिरॅमिक कोटिंग, बहुतेकांनी फळीवरच राहू द्यावी. कारणं पुढे येतील.

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या रस्त्यावर पडत नाहीत, रोजच्या पुसण्यात पडतात. एका बादलीत अख्खी रांग पुसली जाते. तळाशी बसलेली वाळू फडक्यातून पुढच्या गाडीवर जाते. त्यात मेट्रोचं किंवा शेजारच्या रीडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर सिमेंटची धूळ, म्हणजे कोरडं पुसणं तर सँडपेपरच. गाडी पुसणाऱ्या दादांना मायक्रोफायबरचे दोन फडके आपले द्यावेत आणि कोरडं पुसू नका एवढं सांगावं. कुठल्याही कोटिंगपेक्षा याने रंग जास्त टिकतो.

पाइप लावून धुवायला बहुतेक सोसायट्या देत नाहीत, आणि मे महिन्यात पाणीकपात असली की तो विषयच संपतो. अशा ठिकाणी ‘ऑप्टिमम नो रिन्स’सारखं नंतर पाण्याने धुऊन काढावं न लागणारं शाम्पू उत्तम काम करतं. प्रमाण १:२५६, म्हणजे १० लिटरच्या बादलीत ४० मिली. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट रेघोट्या राहतात. आधी पंपाने पॅनलवर फवारून दोन-तीन मिनिटं माती भिजू द्यायची, मग ओल्या मायक्रोफायबरने एका दिशेत, दाब न देता. फडक्याची एक घडी एका पॅनलला. मळलेली घडी परत बादलीत घालायची नाही. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र हे चालत नाही, तिथे आधी पाण्याचा मारा हवाच.

पाण्यावरून आठवलं: महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, टँकरचं किंवा बोअरिंगचं बहुधा जड असतं. जड पाणी उन्हात वाळलं की कॅल्शियमचे पांढरे गोल उरतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, गार पॅनलवर मिनिटभर ओला फडका ठेवून, लगेच साध्या पाण्याने धुतलं की जातात. खड्डा पडला असेल तर पॉलिशशिवाय जात नाहीत. खिडकीच्या एसीतून टपकणारं पाणी मूळचं मऊ असतं, पण वाटेतला गंज आणि धूळ घेऊन येतं, तेव्हा त्या रांगेत गाडी न लावलेली बरी. स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे गाड्या एकावर एक लावतात तिथे, खालच्या मजल्यावर असाल तर वरून तेलकट थेंब येतात. ते कोरड्या फडक्याने पसरवू नयेत, शाम्पूच्या पाण्याने भिजवून उचलावेत.

धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलेलं आहे. रेल्वे मार्गालगतच्या इमारतींत हे हमखास असतं. लोकलच्या ब्रेकचे आणि रुळांचे लोखंडी कण रंगात बसतात आणि गंजून पांढऱ्या गाडीवर केशरी ठिपके देतात. यासाठी आयर्न रिमूव्हर. गार पॅनलवर फवारायचा, कण विरघळताना जांभळे ओघळ येतात, तीन ते पाच मिनिटांत, वाळण्याआधी, भरपूर पाण्याने काढायचा. कुजक्या अंड्याचा वास येतो, हातमोजे हवेतच. खळबळायला पाणी मिळत नसेल तर हा घेऊ नये, अर्धवट धुतलेलं रसायन प्लास्टिकवर डाग सोडतं.

उरलेलं काम क्ले बारचं, म्हणजे रुतलेली घाण उचलणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीचं. १०० ग्रॅमची वडी एकदम वापरू नका, तिचे तीन तुकडे करा. वरच्याच शाम्पूचं १:६४ पाणी, म्हणजे लिटरला १५ मिली, हे वंगण म्हणून पुरतं. बोटांच्या दाबाने, सरळ रेषेत, आवाज थांबेपर्यंत. आपल्या उन्हाळ्यात क्ले लिबलिबीत होऊन रंगावर चिकटतो, तेव्हा मधूनमधून गार पाण्यात बुडवावा. जमिनीवर पडलेला तुकडा टाकून द्यायचा, त्यात वाळूचा एक कण अडकला तरी अख्ख्या दरवाजावर ओरखडा पडतो. क्लेने स्वतःच्याही बारीक रेषा पडू शकतात. त्यामुळे क्ले केल्यावर पॉलिश करायचं नसेल तर सगळ्यात मऊ जातीचा घ्यावा.

आता मशीन. ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्यावा, ८ किंवा १५ मिलिमीटर थ्रोचा (पॅड किती डोलतं त्याचं माप), ५ इंची प्लेटचा. पॅड फिरतानाच डोलत असल्याने उष्णता एका जागी साठत नाही आणि नवख्या हातून रंग जळण्याची भीती कमी राहते. ७०० ते ९०० वॉटचं मशीन सुमारे ३ ते ४ अँपिअर ओढतं, पार्किंगमधल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. स्वस्तात मस्त म्हणून अँगल ग्राइंडरला फोम लावणारे दिसतात. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तर पॉलिशचं रोटरी, म्हणजे न डोलता नुसतं गोल फिरणारं मशीनसुद्धा साधारण ६०० ते ३,००० मध्ये चालवतात. त्या ग्राइंडरखाली दरवाजाची कडा काही सेकंदांत उघडी पडते.

कंपाउंडमध्ये मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड घरच्या कामाला सर्वांत सोयीचं आहे. ४५० मिलीची बाटली, हाताने आणि ड्युअल ॲक्शनने दोन्ही चालतं, आणि यातले अपघर्षक कण घासताना तुटत नाहीत, त्यामुळे किती वेळ फिरवायचं याचा फार हिशेब ठेवावा लागत नाही. मेंझर्नासारख्या ब्रँडमध्ये कण घासता घासता बारीक होत जातात. अर्ध्यात थांबलं तर धुकट रंग राहतो, पण शेवटपर्यंत नेलं तर झळाळी सरस. सराव असेल तर मेंझर्ना, पहिल्यांदा हात घालत असाल तर मेग्वायर्स. दोन्हींचा मुंबईतला शत्रू एकच: गरम पत्रा. कंपाउंड वाळून पीठ होतं आणि पॅडखाली गोळ्या बनतात. पत्र्यावर तळहात आरामात टेकत नसेल तर काम सुरूच करू नये. डिसेंबर-जानेवारीची सकाळ आणि सावली, याला पर्याय नाही.

सुरुवात नेहमी सौम्य जोडीने करावी: मऊ फिनिशिंग पॅड आणि पॉलिश, दरवाजाच्या खालच्या भागावर ६० सेंटिमीटरच्या चौकोनात. रेषा गेल्या नाहीत तरच मीडियम पॅड आणि कंपाउंड. नव्या पॅडवर वाटाण्याएवढे पाच-सहा थेंब, नंतर तीन-चार पुरेत. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून पसरवायचं, मग वेगाच्या एक नंबरवर एक फेरा, मग चार-पाचवर आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, घाई इथेच नडते. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली नाही तर दाब जास्त झालाय, पॅड नुसतं थरथरतंय, काही कापत नाही. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचं. पॅडवर गाडीचाच रंग आला तर लगेच थांबा. एक तर जुन्या पद्धतीचा, क्लिअरकोट नसलेला एकेरी रंग आहे, नाही तर क्लिअरकोट संपलाय.

कडा, बॉडीलाइन आणि काळं प्लास्टिक यांवर आधी मास्किंग टेप, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो, आणि प्लास्टिकवर पांढरे डाग बसले की निघता निघत नाहीत. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही, तो घालवण्याच्या नादात आजूबाजूचा रंग मात्र जातो. बंपर पुन्हा रंगवलेला असेल तर तिथला थर किती आहे हे जाडी मोजायच्या मीटरशिवाय कळत नाही, हात हलका ठेवावा.

संरक्षणाच्या बाटल्यांपैकी टर्टल वॅक्सचा हायब्रिड सोल्यूशन्स सिरॅमिक स्प्रे कोटिंग इथल्या परिस्थितीला सर्वांत जमतो. कोरड्या गाडीवर, एका पॅनलला दोन फवारे, एका फडक्याने पसरवायचं आणि दुसऱ्या कोरड्याने उलटसुलट पुसायचं. बाटलीवर १२ महिन्यांपर्यंतचा दावा आहे. उघड्यावरच्या गाडीने तो धरून चालू नये, तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावावा, पावसाळ्याआधी मेच्या अखेरीस तर नक्कीच. दमट हवेत जास्त फवारलं की तेलकट पट्टे राहतात. ओलसर फडक्याने पुसून परत कोरडं केलं की निघतात.

मेग्वायर्सचं हायब्रिड सिरॅमिक वॅक्स ओल्या गाडीवर फवारून जोरदार पाण्याने धुवायचं असतं. माल चांगला, पण सगळा खेळ पाण्याच्या माऱ्यावर. बादली-मगवाल्यांनी घेऊ नये. कॉलिनाइट ८४५ ही जुन्या वळणाची द्रव वॅक्स, पावसात चिवट टिकते. अगदी पातळ लावायची, बोट फिरवून साफ उठलं की पुसायची. जाड लावली तर पुसताना खांदे दुखतात.

‘९ एच’बद्दल एवढंच की तो आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या मापावरचा आहे. घाणेरड्या फडक्याने त्याच्यावरही रेषा पडतात. ३० मिलीत एक सेडान होते, पण दमट हवेत थर पटकन धरतो आणि पुसायला उशीर झाला तर इंद्रधनुषी चट्टे बसतात, जे मग फक्त पॉलिशनेच निघतात. शिवाय लावल्यानंतर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. बंद पोडियम पार्किंग, पुरेसा उजेड आणि आधीच पॉलिश केलेला रंग, हे तिन्ही असेल तरच विचार करावा.

यातलं काहीही लावलं तरी पक्ष्यांची विष्ठा थांबत नाही. बोनेटवर पडायची ती पडतेच. उन्हात रंग मऊ होऊन फुगतो, थंड होताना तिच्याभोवती आकसतो आणि ठसा उमटतो, त्यात आम्लही आहेच. पाण्याने चिंब टिश्यू पाच-दहा मिनिटं ठेवून वरच्या वर उचलायची, घासायची नाही. पर्जन्यवृक्षाखालचे चिकट थेंबही असेच भिजवून निघतात.

फडके ३५० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) दहा-बारा लागतातच. कंपाउंडचे, वॅक्सचे आणि धुण्याचे वेगळे ठेवा, घरच्या कपड्यांत धुऊ नका, कंफर्टसारखं सॉफ्टनर घालू नका, नाहीतर पाणी शोषणं बंद होतं. टायरला वापरलेला फडका परत रंगावर आणायचा नाही, त्याच्या कोपऱ्यावर मार्करने फुली मारून ठेवावी.