कापडाची मागची बाजू बघून घ्या

मागच्या आठवड्यात खानापूरच्या मावसबहिणीनं व्हॉट्सॲपवर एका व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवला. 'दारापुढं ऑनिंग बसवायचंय, हा माणूस बरा वाटतो. तुमच्याकडं पण ह्यानंच बसवलं होतं ना?' दुकानाचं नाव वेगळं होतं, मोबाईल नंबर मात्र तोच. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, पश्चिमेला तोंड करून. मार्च लागला की दुपारी तीननंतर कट्ट्यावर बसवत नाही, आणि माझं शिवणाचं मशीन तिथंच. पत्रा मारला तर घरात अंधार. त्यामुळं ऑनिंगचं, म्हणजे उघडमीट करता येणाऱ्या कापडी छताचं ठरलं. भिंतीला आडवी नळी, तिच्यावर गुंडाळलेलं कापड, खाली कोपरासारखे दुमडणारे दोन हात. हँडल फिरवलं की कापड बाहेर येतं, उलटं फिरवलं की आत.

माप घ्यायला आला तो पहिलं वाक्य बोलला, "काकू, आपण आपलीच माणसं. सगळं मराठीत बोलून घेऊ." हे वाक्य बेळगावात कुठं जाऊन लागतं ते इथल्यांनाच कळेल. मी चहा ठेवला. पावती मागायची होती ती राहूनच गेली.

दहा फूट रुंद, आठ फूट बाहेर. चौरस फुटाला ४५० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये. १८,००० ॲडव्हान्स. पैसे 'मेहुण्याच्या' नंबरवर टाकायला सांगितले, आम्ही टाकले. मग तीन आठवडे रोज एकच उत्तर, "येऊलालो बघा काकू, वाटेतच हाय."

शेवटी आला तेव्हा छत पाच फुटांवरच थांबलं. विचारलं तर म्हणाला, एवढ्या रुंदीला हात एवढेच उघडतात. हे धादांत खोटं. दोन्ही हात दुमडून रुंदीतच बसायचे असतात, म्हणून रुंदी ही बाहेर येणाऱ्या मापापेक्षा जास्त लागते, इतकंच. दहा फुटांत आठ फुटांचे हात बसतात. त्यानं आखूड हात आणले होते आणि पैसे ऐंशी चौरस फुटांचे लावले. पन्नास फुटांचे २२,५०० होतात. हा हिशेब मी नंतर केला; त्या दिवशी आणखी १२,००० देऊन मोकळी झाले.

कापडाची गोष्ट तर सांगायलाच लाज वाटते. आमचे मामंजी चाळीस वर्षं मागावर बसलेले, शहापुरी साड्या विणलेल्या. त्यांनी कापडाचं टोक उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हे सूत रंगवलेलं नाही, वरून छापलंय." मागची बाजू पांढरीफटक. चांगल्या ऑनिंगला ॲक्रिलिकचं कापड असतं, धागाच रंगीत, त्यामुळं दोन्हीकडून रंग सारखा आणि उन्हात लवकर विटत नाही. नमुना दाखवताना त्यानं तसलंच दाखवलं होतं. विणकराच्या घरात कापडात फसलो! मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

भिंतीचं तर कुणी विचारलंच नाही. आमची भिंत जुन्या विटांची, वर गिलावा. शेजारचा वेल्डर फिटिंग चालू असतानाच म्हणाला होता, "गोडे तडियंगिल्ल री." भिंत धरणार नाही. आम्ही त्याला गप्प बसवलं. छत उघडलं की सगळा भार पुढं लोंबतो आणि वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात, म्हणून ब्रॅकेट काँक्रीटच्या बीममध्ये किंवा दारावरच्या लिंटेलमध्येच हवेत. विटेची भिंत असेल तर बोल्ट आरपार काढून आतून लोखंडी पट्टी लावावी लागते. आमच्याकडं गिलाव्यात साधे प्लास्टिकचे गुल्ले ठोकले होते. एप्रिलच्या पहिल्याच वळवात डाव्या बाजूचं ब्रॅकेट विटेच्या तुकड्यासकट खाली आलं. वारा सुटला की छत आत घ्यायचं असतं, हेही त्यानं सांगितलं नव्हतं. मशीन आत होतं म्हणून वाचलं.

त्यानंतर त्याचा फोन बंद. कार्डावरचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता. कर्नाटकाचा २९ नं सुरू होतो, २७ महाराष्ट्राचा. दुकान तर म्हणे इथंच बेळगावात, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ! जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नाव, पत्ता भलत्याचाच. दोन मिनिटांचं काम, पण पैसे गेल्यावर केलं.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. मला वाटायचं, माणूस कोल्हापूरकडचा निघाला तर हेलपाटे तिकडं घालावे लागतील. तसं नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणं आपण राहतो तिथं तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. पक्कं बिल नसल्यानं वकिलानं यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरची मापं आणि निघालेल्या ब्रॅकेटचे फोटो जोडले. तारखा पडताहेत.

हे सगळं मावसबहिणीला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. पाच हजार तिनं आदल्या दिवशीच पाठवले होते, मेहुण्याच्या नंबरवर.